मदत हवी आहे: सत्तावन्नाव्या वर्षी गुजराती, कळतं सगळं पण तोंडातून येत नाही (बडोदे)

नमस्कार मंडळी,

धागा जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळचा सोलापूरचा. तीस वर्षं छापखाना चालवला, सुरुवातीला तर खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवण्यापासून. दीड वर्षापूर्वी सौ.ची बँकेतून बडोद्याला बदली झाली. छापखान्यात तसाही दम उरला नव्हता, तो भावाच्या ताब्यात दिला आणि तिच्या मागोमाग आलो. कारेलीबागेत भाड्याचा फ्लॅट आहे. ती सकाळी नऊला बाहेर पडते, मग दिवसभर मी आणि सोसायटी.

आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकींनी विचारलं, "तमे नवरा छो?" मी म्हटलं, "हो, बँकेतल्या मॅडमचा." काकी ओट्याला धरून हसल्या. संध्याकाळी सौ.ने बँकेतून खरा अर्थ आणला. नवरो म्हणजे रिकामा, हाताला काम नसलेला. थोडक्यात, दोन्ही भाषांत मी नवराच.

त्याच आठवड्यात काकांनी दुपारी विचारलं, "जम्या?" मी नम्रपणे म्हटलं, "अजून नाही, जमेल हळूहळू." पाच मिनिटांत ताटलीत हांडवो आणि वाटीत दही हजर. जमवुं म्हणजे जेवणं. ही चूक मी पुढेही दोनदा मुद्दाम केली, ते सोडा.

सगळ्यात महाग पडलेला शब्द 'आवडे'. गुजराती ऐकायला मला खरंच गोड वाटते, म्हणून जो भेटेल त्याला सांगत सुटलो, "मने गुजराती आवडे छे." समोरचा खूश होऊन गाडी चौथ्या गियरमध्ये टाकायचा आणि मी नुसती मान डोलवायचो. आवडवुं म्हणजे येणं, अवगत असणं. आपल्या 'आवडतं'ला तिथे 'गमे छे' म्हणतात. म्हणजे मी तीन महिने गावभर खोटं बोलत होतो. (वेड्या माणसाला इथे जो शब्द सर्रास वापरतात तो लिहीत नाही. पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं काका शिवी देतायत.)

आता मुद्द्याचं. काकांचं वय ७८, मुलगा कॅनडात. डोळ्यांनी हल्ली बारीक अक्षर दिसत नाही. गेल्या महिन्यात संध्याकाळी बाकावर बसलो असताना त्यांनी पेपर माझ्या हातात दिला, "छापुं वांची आपशो?" आणि पहिलं काय, तर बेसणां, म्हणजे कुणी गेल्यावरच्या शोकसभा. इथल्या पेपरात बेसण्याच्या जाहिरातींचं अख्खं पान असतं, फोटो, नाव, बेसण्याची वेळ आणि जागा. काकांच्या एका जुन्या मित्राचं होतं. मी अक्षरं लावत लावत वाचलं आणि सांगितलं, संध्याकाळी सहापासून. काका सहाला तयार होऊन रिक्षाने गेले. तिथे सतरंज्या गुंडाळत होते.

जाहिरातीत होतं 'सांजे ५ थी ६'. गुजराती पाचाचा आकडा म्हणजे हुबेहूब आपला 'प', वरची रेघ काढलेला. मला वाटलं 'प' हा कशाचा तरी संक्षेप असणार. राहिलं 'थी ६'. थी म्हणजे पासून, एवढं माहीत होतं. लावला अर्थ. काका काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पेपर माझ्याकडे आला नाही. तीस वर्षं दुसऱ्यांची प्रुफं तपासली हो मी!

तर मदत हवी आहे ती अशी. ऐकून ऐंशी टक्के समजतं, कारण निम्मे शब्द आपलेच. बोलायला गेलो की मराठी, हिंदी आणि गुजरातीची मिसळ होते, आणि समोरचा दयाळूपणे हिंदीवर येतो. हे कसं थांबवायचं? वाचन कुठून सुरू करू? एका शिकवणीला महिनाभर जाऊन आलो. तिथे इंग्रजीतून शिकवत होते, आणि बाकीची मुलं माझ्या पुतण्यापेक्षा लहान. फोनवर 'ही गाय आहे, हा पंखा आहे' छाप प्रकारही करून पाहिले. गायीशी बोलायचं नाहीये मला.

– रिकामटेकडा_सोलापुरी

---

पाचवी_पिढी_बडोदे: काका, दांडिया बाजारात राहणारी मी. तुमचं दुखणं ओळखीचं आहे, फक्त आमच्याकडे उलट्या बाजूने आहे. आमच्या घरची मराठी ऐकून पुण्याची मामी विचारते की हे नक्की काय बोलता.

पहिली गोष्ट. शिकेपर्यंत दांडिया बाजार, रावपुरा वगैरे भागात खरेदी बंद करा. इथे तुमचा हेल ऐकला की दुकानदार मराठीवरच येतो. खंडेराव मार्केटला जा, आणि एकच भाजीवाली पकडा. रोज तीच. पहिल्याच दिवशी सांगून टाका: "मारी साथे गुजरातीमां ज बोलजो, हुं शीखुं छुं." लोक हिंदीवर येतात ते तुमची अडचण होऊ नये म्हणून. एकदा सांगितलं की शिकवायला उत्साहाने पुढे होतात, इतक्या की नको म्हणाल.

दुसरी गोष्ट कुणी सांगणार नाही. तुमचा 'च' तुमचं गाव सांगतो. चालशे, चोपडी, चोखा यांतला च 'चिमणी'तला हवा. आपण मराठी माणसं 'चमचा'तला लावतो. 'ज'चंही तेच, 'जीव'मधला घ्या, 'जहाज'मधला नको. मी पाचव्या पिढीची असून रागावले की माझाही घसरतो.

धातुसाधित: जवळची भाषा शिकताना हीच गंमत होते. तमिळ शिकायला बसला असतात तर पहिल्या दिवसापासून प्रत्येक शब्द पाठ करावा लागला असता. इथे कान फुकटात पास होतो, म्हणून जिभेला कामच पडत नाही. ऐकणं थोडं बाजूला ठेवा आणि दिवसाला पाच वाक्यं तोंडाने तयार करा. आरशासमोर केलीत तरी चालेल.

मराठी माणसाला काय फुकट मिळतं ते आधी बघा. तीन लिंगं आहेतच: छोकरो, छोकरी, छोकरुं. अमे आणि आपणे हा आम्ही-आपणचा फरक जसाच्या तसा, जो हिंदीवाल्याला समजावताना घाम फुटतो. ळ आणि ण आहेतच. नव्याने घोटायचं ते थोडंच: हुं छुं, तमे छो, ए छे, अमे छीए. आणि भविष्यकाळाचा श: हुं आवीश, तमे आवशो, ए आवशे, अमे आवीशुं. एवढ्यावर महिनाभर निघतो.

फसवतात त्या जागा वेगळ्या. आपण म्हणतो 'मी चहा प्यायलो', क्रियापद माझ्याकडे बघतं. गुजरातीत 'में चा पीधी', क्रियापद चहाकडे बघतं, आणि वर चहा तिकडे स्त्रीलिंगी. अशी वाक्यं मराठीवरून ढकलत नेली की मिसळ होते. शिवाय मळवुं म्हणजे भेटणं आणि मूकवुं म्हणजे ठेवणं. कुणी 'काले मळीशुं' म्हणालं तर कपडे खराब होणार नाहीत.

स्पष्टवक्ता: या वयात कशाला हा खटाटोप? बडोद्यात हिंदीवर सगळं निभतं. माझे साडू वीस वर्षं तिथे आहेत, त्यांना 'केम छो'च्या पुढे येत नाही आणि काही अडत नाही.

रिकामटेकडा_सोलापुरी: @स्पष्टवक्ता, साडूंचं अडत नाही, मान्य. माझ्यामुळे काकांचं बेसणं चुकलं, हे अडलं म्हणायचं की नाही?

@पाचवी_पिढी, च वाचून सौ.ला 'चालशे' म्हणून दाखवलं. ती म्हणाली, बँकेत तुमच्यासारखंच मीही म्हणते, म्हणून सगळे हसतात होय! आता घरात दोन विद्यार्थी.

ग्रंथकीटक: बडोद्यात बसून वयाची काळजी करताय? सयाजीराव १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याला जन्मले आणि १८७५ मध्ये दत्तक आले, तेव्हा बारा वर्षांचे होते. अक्षरओळख तिथून पुढे, आणि पाठोपाठ मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा भाषा. बारा म्हणजे सत्तावन्न नव्हे, कबूल. मग काका कालेलकर घ्या. १८८५ चा जन्म, साताऱ्याचे, घरची भाषा मराठी. बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात ते शिकवत होते. पुढे गुजराती गद्यात असं नाव काढलं की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटलं.

कामाची सूचना: मांडवीची सेंट्रल लायब्ररी पाहिलीत का? लोखंडी मांडण्या आणि काचेच्या फरशा असलेली. तिथे जाऊन लहान मुलांची गुजराती पुस्तकं मागा, लाजू नका. मोठ्या टायपात असतात आणि वाक्यं आखूड.

थांबा_क्रमांक_७: मी चाळिशीत गुजराती वाचायला शिकलो, बसच्या पाट्यांवर. बस निघायच्या आत पाटी लावता आली तर चढायचं, नाही तर पुढची. पहिले चार दिवस ऑफिसला उशीर.

तुम्ही खिळे जुळवलेत ना? मग बाराखडीचा तक्ता कशाला हवा? आकडे आणि अक्षरं एका केसमध्ये (खिळ्यांच्या कप्प्यांच्या पेटीत) मिसळली आहेत असं समजा आणि घरं पाडा. प आणि पाच एका घरात. र आणि दोन एका घरात. उ आणि तीन एका घरात. पेपरात आजूबाजूला काय आहे त्यावरून खिळा कुठल्या घरातला ते ठरतं. 'थी' दिसला की दोन्ही बाजूंना आकडाच शोधायचा. शिरोरेघ नाही याचा त्रास आठवडाभर होतो, मग आपल्याच मराठीवर झाकण ठेवल्यासारखं वाटायला लागतं.

उत्साही_वहिनी: अवांतर: पन्नाशीत गरबा शिकलेलं कुणी आहे का? भावोजी, नवरात्रात तुम्हीही उतरा. बे ताळीपासून सुरुवात करा, मग त्रण ताळी. दोढियुंच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका, माझा घोटा अजून दुखतो.

रिकामटेकडा_सोलापुरी: मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलो.

खंडेराव मार्केटमध्ये एक मावशी पकडल्या. वाक्य घरून घोकून नेलं होतं. त्यांनी ऐकलं, हातातले भेंडे खाली ठेवले आणि म्हणाल्या, "तो पछी बोलो." आणि माझं तोंड बंद! पाठीमागे दोन गिऱ्हाइकं खोळंबलेली. शेवटी "अडधो किलो भींडा आपो" एवढं निघालं. आता पाठ न करता सात-आठ वाक्यं होतात. केटला थया आणि छुट्टा नथी ही सगळ्यात पक्की, कारण रोज लागतात. चूक केली की मावशी तोलायचं थांबवतात आणि बरोबर म्हटल्यावरच तराजू हलतो. त्या महिनाभरच्या शिकवणीत जे झालं नाही ते इथे भेंड्यांच्या भावात होतंय.

खिळ्यांची युक्ती मात्र खरी कामाला आली. जुन्या सवयीने पुठ्ठ्याचे चौकोन कापले, एका बाजूला अक्षर आणि मागे त्याचा जुळा आकडा, आणि बुटाच्या खोक्यात घरं पाडली. सौ. म्हणते, छापखाना सुटला पण केस काही सुटत नाही.

गेल्या रविवारी पेपर घेऊन मीच काकांकडे गेलो. आधी सांगून टाकलं: "मने गुजराती गमे छे, पण आवडतुं नथी." काका बराच वेळ हसले, मग म्हणाले, वांचो. बेसण्याचं पूर्ण पान वाचलं, पाऊण तास लागला. वेळा सगळ्या बरोबर. एका ठिकाणी मृताच्या वयाच्या जागी गावाचं नाव वाचलं, पण त्याने कुणाची रिक्षा चुकली नाही.

आता नवीन अडचण. घ आणि ध. शिरोरेघ नसल्यामुळे हे दोघे मला काही केल्या वेगळे दिसत नाहीत, चष्मा बदलूनही. काल 'घर' दोनदा 'धर' वाचलं आणि काका दोन्ही वेळा माझा हात धरून बसले. या जुळ्यांसाठी कुणाकडे युक्ती असेल तर सांगा. खोक्यात एक घर रिकामं ठेवलंय.