मदत हवी आहे: केबल काढली की बाँड वळतो, अपलिंक गेला की वळत नाही

मंडळी, लिनक्स स्टोरेज सर्व्हरचे दोन १० गिगाबिट पोर्ट दोन वेगळ्या स्विचना जोडलेत. बाँडिंग (दोन पोर्ट मिळून एक) अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप (एक पोर्ट चालू, दुसरा राखीव), एमआयआयमॉन (लिंकची तपासणी) दर १०० मिलिसेकंदांनी. केबल उपटली की दुसरा पोर्ट लगेच ताबा घेतो, आयस्कझीला (नेटवर्कवरून डिस्क देणारा प्रोटोकॉल) पत्ताही लागत नाही. पण परवा एका स्विचचा अपलिंक (पुढच्या नेटवर्ककडे जाणारी जोडणी) गेला. पोर्टचा दिवा हिरवाच, म्हणून बाँडच्या लेखी सगळं आलबेल, आणि इकडे व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) लटकलेले! एमआयआयमॉन फक्त लिंक बघतो, पलीकडचा रस्ता नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

आता एआरपी मॉनिटरिंग (ठरावीक पत्त्यांकडून उत्तर येतं का ते बघणं) लावू का? स्टोरेज व्हीलॅनला (स्टोरेजचं वेगळं नेटवर्क) गेटवे (बाहेर नेणारा राउटर) नाही, मग टार्गेट कोणते द्यावेत? की आयस्कझी बाँडमधून काढून दोन सबनेटवर मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे दोन वाटा) बरा? एनएफएस (फाइल शेअरिंग) मात्र बाँडवरच राहणार. (एलएसीपी, म्हणजे दोन्ही लिंक एकत्र वापरणं, नको; स्विच स्टॅकमध्ये, म्हणजे एकच स्विच असल्यासारखे जोडलेले, नाहीत.)