मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग झालंय, सासूबाईंना शुगर आहे. जावं का?

रावेरची_सून (जानेवारी २०२२)

नमस्कार मंडळी. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला या महिनाअखेर ५० वर्षं होतायत. दिवाळीत सगळे जमले तेव्हा दिराने टूम काढली की हॉल-जेवणावळ नको, सगळ्यांनी मिळून बोटीने गोव्याला जाऊ. अकरा माणसं, चार खोल्या, तीन रात्री. केळीचे पैसे नुकतेच हातात आले होते, लगेच भरून टाकले.

आणि आता ही बातमी. गोव्याला गेलेल्या बोटीवर जवळजवळ २००० लोकांची कोरोनाची तपासणी झाली, ६६ पॉझिटिव्ह निघाले, आणि बोट मुंबईला परत आणली. सासूबाई ६८ वर्षांच्या, रोज इन्सुलिन घेतात. दोन्ही डोस झालेत. कंपनी म्हणते पैसे परत नाहीत, तारीख बदलून मिळेल. सासरे म्हणतात, "भरले ना पैसे? मग चला." नवरा गप्प बसलाय. कुणी बोटीवर जाऊन आलंय का या काळात?

गॅलीतला_अमळनेरकर

ताई, मी बोटीवर "गेलेलो" नाही, बोटीवर राहिलेलो आहे. नऊ वर्षं गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात. बोरी नदीत पोहायला शिकलेला माणूस, समुद्रावर कांदे चिरायला गेलो.

आधी एक विचारतो. चार खोल्या कुठल्या घेतल्या? खिडकीच्या, बाल्कनीच्या, की आतल्या? जेवण काय, स्विमिंग पूल केवढा, हे लोक विचारतात, खोलीला उजेड आहे का हे कुणी विचारत नाही. आतल्या खोलीत दिवा बंद केला की दुपार की मध्यरात्र, कळत नाही. फिरायला जाताना चालतं, रात्री फक्त झोपायचं असतं. पण दाराबाहेर पडायचं नाही असं ठरलं की तीच खोली सगळं जग होते. 'डायमंड प्रिन्सेस' आठवते ना? फेब्रुवारी २०२०, जपानचं योकोहामा. प्रवासी आणि कर्मचारी मिळून ३७११ माणसं बोटीवर, त्यातली सातशेच्या वर पॉझिटिव्ह निघाली. सुरुवात एका प्रवाशापासून कळली, आणि तो तर २५ जानेवारीलाच हाँगकाँगला उतरून गेला होता. बिनखिडकीच्या खोल्यांतल्या लोकांना पाळीपाळीने डेकवर सोडायचे, थोडा वेळ, अंतर ठेवून. बाकीच्यांच्या दारात जेवण नेऊन ठेवणारे कोण? आमच्यासारखेच. त्या बोटीवर भारतीय १३८, त्यात १३२ कर्मचारी. प्रवासी खोलीत बंद, आणि वाढणारा एका खोलीत दोघं-तिघं झोपणारा, एकाच मेसमध्ये जेवणारा. फेब्रुवारीच्या शेवटी विमान पाठवून ११९ भारतीयांना दिल्लीला आणलं.

माझी बोट ती नव्हे. आमचे प्रवासी मार्चमध्ये उतरले, आम्ही राहिलो. तीन महिने. पहिले काही आठवडे बरे होते, कारण प्रवाशांच्या रिकाम्या खोल्या आम्हाला एकेकट्याला दिल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या खोलीतून समुद्र दिसला. दिवसातून दोनदा ताप मोजायचे. पगार मात्र थांबला. बंदर समोर दिसायचं, रात्री गाड्यांचे दिवेसुद्धा दिसायचे, पण उतरायची परवानगी नाही. बोटीचा झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशाचा, कर्मचारी पन्नास देशांचे. मग या माणसांना उतरवून घ्यायचं कुणी? 'वेस्टरडॅम' नावाच्या प्रवासी बोटीचं आधी तेच झालं होतं. पाच ठिकाणी नाही म्हटलं, शेवटी कंबोडियाने १३ फेब्रुवारीला बंदर उघडलं.

मुंबईत आलो तर आधी हॉटेलात क्वारंटाईन, मग पास काढून गाडीने अमळनेर. गल्लीत शिरलो तर लोक खिडकीतून बघत होते. माय म्हणाली, "कसाले जास रे त्या पाणीमा?" त्यानंतर पाण्यात गेलो नाही. आता स्टेशनजवळ नाश्त्याची गाडी आहे.

आता तुमचं. तीन रात्रींची किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी बोट म्हणजे डायमंड प्रिन्सेस नव्हे, उगाच घाबरवत नाही. पण बोटीवरचा दवाखाना म्हणजे थोड्या खाटा आणि एखाद-दोन डॉक्टर. आम्हाला उलट्या-जुलाबाच्या साथींची सवय होती. त्या आल्या की बुफेतले चिमटे काढून घ्यायचे, रेलिंग पुसायची, प्रत्येकाला वाढून द्यायचं, हात साबणाने धुवायला लावायचे. हा आजार मात्र श्वासातून येतो, चिमटा पुसून काय होणार. सासूबाईंना न्यायचंच असेल तर इन्सुलिन तीन दिवसांचं नको, पंधरा दिवसांचं न्या, आणि खोलीत फ्रीज आहे का ते विचारा. योकोहामाला लोकांच्या गोळ्या संपल्या होत्या.

मी असतो तर तारीख बदलली असती.

धुळ्याचा_तिकीटवाला

मी बुकिंग करून देतो, त्यामुळे माझं म्हणणं अमळनेरच्या दादांपेक्षा कमी पवित्र आहे. पण खरी गोची बोटीत नाही, बोटीत चढण्याआधी आहे. टेस्टचा अहवाल ठरावीक तासांच्या आतला लागतो. तुम्ही रावेरहून निघणार. नमुना कधी देणार, अहवाल कधी येणार, गाडी कधी पकडणार? अकरातला एक जरी पॉझिटिव्ह आला तर बाकीचे दहा चढणार की परतणार? आणि त्या एकाला मुंबईत ठेवायचं कुठे, जेवण कोण देणार? हे घरात आधी ठरवा. बंदरावर भांडू नका.

दुसरं, "तारीख बदलून मिळेल" हे फोनवर नको, मेलवर घ्या. कुठपर्यंतची तारीख, हंगामाचा फरक भरावा लागेल का, नाव बदलता येईल का. माझ्या एका गिऱ्हाईकाला मागच्या वर्षी "क्रेडिट" मिळालं, आणि ते वापरायची मुदत लॉकडाऊनमध्येच संपली. भांडून भांडून अर्धं मिळालं. विमा काढला असेल तर साथरोगाचं कलम वाचा, बारीक अक्षरात असतं.

तोरणमाळ_तोरणमाळ

बोटीत बसून गोवा बघायचा, तोही मास्क लावून! त्यापेक्षा उनपदेवला गरम पाण्यात पाय सोडून बसा, येताना शेवभाजी. अकरा जणांचा खर्च एका खोलीच्या भाड्यात.

रावेरची_सून

सगळ्यांचे आभार. काल रात्री अमळनेरच्या दादांचं उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवलं. बुकिंगचा कागद काढला तर चारही खोल्या आतल्या निघाल्या. दिराने "स्वस्त पडल्या" म्हणून घेतल्या होत्या, बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. जाऊबाई त्याच्याशी अजून बोलत नाहीयेत.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मला अंधाऱ्या खोलीत बसायचं असतं तर केळीचं गोडाऊन काय वाईट होतं?" सासरे त्यावर काही बोलले नाहीत.

तारीख नोव्हेंबरची मागितली आहे, मेलवर. दोन खोल्या खिडकीच्या करतोय, फरक दीर भरणार. २९ तारखेला घरीच भरीत-पुरी आणि कळण्याची भाकरी, फक्त घरचे.

दादा, एक शेवटचं विचारते. सासरे म्हणतात नोव्हेंबरला घरचे केळीचे वेफर्स न्यायचे म्हणजे न्यायचेच. बोटीवर चालतात का?

गॅलीतला_अमळनेरकर

बंद पाकिटातले बहुतेक ठिकाणी चालतात, घरी तळून डब्यात भरलेले गँगवेवरच, म्हणजे बोटीत चढायच्या वाटेवरच, काढून घेतात. कंपनीला विचारून घ्या. आणि सासऱ्यांना सांगा, एक पाकीट गॅलीत पाठवा. आतली पोरं रोज दुसऱ्यांसाठी रांधतात, त्यांना गावाकडचं काही कुणी देत नाही.