मदत हवी आहे: वेबसाइटवरच्या आगळाच्या पानावर नेमकं काय लिहू?

मंडळी, आमचं घरगुती कोकम उत्पादन आहे, वेंगुर्ल्याजवळ. आगळ, आमसुलं आणि अमृतकोकम. वेबसाइट करून घेतली, करणाऱ्याने मजकूरही लिहून दिला: ‘गुणवत्ता हाच आमचा ध्यास, ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय.’ हे तर पंख्याच्या दुकानालाही चालेल!

खरी पंचाईत वेगळीच आहे. मागच्या महिन्यात पुण्याच्या एका ताईंनी आगळ मागवलं, सरबत समजून थंड पाण्यात साखरेशिवाय ढवळलं आणि फोन केला, ‘अहो, हे खारट का?’ आगळ म्हणजे रातांब्यांच्या (कोकमाच्या फळांच्या) सालींना मीठ लावून सुटलेला रस, तो सोलकढीसाठी. साखरेतलं ते अमृतकोकम. आम्हाला हे लहानपणापासून ठाऊक, म्हणून लिहायचं सुचलंच नाही.

आता मी पहिल्याच ओळीत ‘हे खारट आहे, सोलकढीसाठी आहे’ असं टाकावं म्हणते. नवरा म्हणतो, ‘पहिलाच शब्द खारट? कोण घेईल?’ तुम्ही काय केलं असतं?

आणखी एक. आमसुलांना रसाची पुटं देऊन पुन्हा पुन्हा उन्हात वाळवतो, ते सविस्तर लिहू की फोटोच पुरे? बहुतेक ऑर्डरी मोबाइलवरूनच येतात. मराठी आणि इंग्रजी एकाच पानावर चालेल की पानं वेगळी हवीत?

कुणी स्वतःच्या मालाचं असं लिहिलं असेल तर त्यातल्या दोन ओळी इथे टाका ना, प्लीज. सल्ल्यापेक्षा नमुना पटकन कळतो मला.