हार्ड डिस्क वॉरंटीत आहे, पण सेक्टर खराब होतायत

प्रश्न: स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते तो अहवाल) १९७ नंबरचा आकडा ८ वरून ४० वर गेलाय. मधूनच टकटक आवाज येतो. क्लेम करण्याआधी फॉरमॅट मारू का?

उत्तर: अजिबात नको! १९७ म्हणजे डिस्कला वाचता न आलेले सेक्टर (डेटा साठवायचे छोटे भाग). आधी डेटा वाचवा. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) चालवू नका, खराब भागावर तेच तेच वाचन होऊन डेटा वाचणाऱ्या हेडवर ताण येतो. डीडीरेस्क्यू या डेटा वाचवायच्या प्रोग्रॅमने दुसऱ्या डिस्कवर इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत घ्या. मॅपफाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) द्या, म्हणजे मध्येच थांबलं तरी पुढे चालू करता येतं. टकटक वाढली तर लगेच बंद करा.

उत्तर: १९९ (केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुकांचा आकडा) वाढत असता तर आधी डिस्क जोडणारी साटा केबल बदला म्हटलं असतं. इथे दोष डिस्कचाच.

उत्तर: सीरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख बघा, रिपोर्टचा स्क्रीनशॉट जोडा. लेबल किंवा सील काढलंत तर क्लेम नाकारतात. बदली डिस्क मिळेल, डेटा नाही.