गृहकर्ज मुदतीआधी फेडणाऱ्यांसाठी अनुभव धागा

घर घेतल्याची बातमी साऱ्या नातेवाइकांत पोचते. कर्ज मात्र नवरा-बायकोतच राहतं. हप्ता सुरू झाला की पुढची वीस वर्षं त्याबद्दल मोकळेपणाने बोलायला कुणी सापडत नाही. म्हणून हा धागा. ज्यांनी गृहकर्ज मुदतीआधी फेडलं आणि जे आज अर्ध्या वाटेवर आहेत, त्यांनी इथे लिहावं, अशी मनापासून विनंती. रक्कम लहान-मोठी असली तरी हरकत नाही.

सुरुवात मी करते. आमचं कर्ज ३० लाखांचं, दर साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं, हप्ता २६,०३५ रुपये. बँकेकडून परतफेडीचा तक्ता मागवला आणि पहिल्याच ओळीवर थबकले : व्याज २१,२५०, मुद्दल ४,७८५. पहिल्या वर्षात आम्ही तीन लाख बारा हजार भरणार आणि मुद्दल साठ हजारांनीसुद्धा उतरणार नाही. दर असाच राहिला तर वीस वर्षांचं एकूण व्याज साडेबत्तीस लाखांच्या घरात, म्हणजे मुद्दलाहून जास्त.

पण वाट त्याच तक्त्यात दिसली. पहिल्या वर्षाच्या शेवटी एक लाख जास्तीचे मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे अठरा हप्ते गळतात. त्या अठरा हप्त्यांची रक्कम होते चार लाख अडुसष्ट हजार. हेच एक लाख पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरले तर पुरते सहा हप्तेही वाचत नाहीत. तेव्हा जे काही करायचं ते पहिल्या पाच-सात वर्षांत, असं आम्ही ठरवलं. आता दर वर्षी एक जादा हप्ता मुद्दलात जातो. एवढ्यानेही वीस वर्षांतली तीनहून अधिक वर्षं कमी होतात. बोनस आला की तोही जातो. हौसमौज पुढे ढकलली आहे, मुलांनाही कारण सांगितलं आहे.

तुम्ही कसं केलंत? घरात एकमत कसं झालं? मध्येच हुरूप गेला तेव्हा काय केलंत? सविस्तर लिहा.

शाळेत शिकवणारी, कर्जाचं नववं वर्ष

आम्ही दोघंही शिक्षक. एकरकमी मोठी रक्कम हातात कधीच येत नाही, त्यामुळे लाख-दोन लाख भरणाऱ्यांचं वाचलं की सुरुवातीला उदास वाटायचं. मग पगारवाढ झाली की हप्ताही वाढवायचा, हे सूत्र धरलं. दर वर्षी पाच टक्के. तुमच्याच कर्जाचा हिशेब मांडून पाहिला : पहिल्या वर्षी २६,०३५, दुसऱ्या वर्षी सुमारे २७,३३७, असं वाढवत नेलं तर वीस वर्षांचं कर्ज सव्वाबारा वर्षांत संपतं. वाढ झालेल्या पगारातूनच ती रक्कम जाते, त्यामुळे घरखर्चाला वेगळी कात्री लावावी लागत नाही.

यात किचकट भाग एकच. हप्ता वाढवायचा तर बँकेला दर वेळी अर्ज द्यावा लागतो आणि खात्यातून पैसे वळते करण्याचं मँडेट नव्याने भरावं लागतं. आमच्या शाखेत ते फार रेंगाळायचं. मग आम्ही मँडेट सुरुवातीलाच मोठ्या मर्यादेचं करून घेतलं. आता नुसता अर्ज पुरतो. ज्यांचं कर्ज नुकतंच सुरू झालंय त्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

२०२१ चं कर्ज, आयटीतली नोकरी

माझा अनुभव दर वाढल्याचा आहे आणि तो लिहिणं मला फार गरजेचं वाटतं, कारण ही गोष्ट कित्येकांच्या लक्षातही आलेली नसते.

२०२१ च्या सुरुवातीला ३० लाख घेतले तेव्हा रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर) चार टक्के होता आणि माझा दर ६.८. हप्ता २२,९००. मे २०२२ पासून रेपो चढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर गेला. माझा दर झाला ९.३. हप्ता मात्र एका रुपयाने वाढला नाही, त्यामुळे घरात कुणाला काही जाणवलंच नाही. एका रविवारी स्टेटमेंट उघडलं तर त्या महिन्याच्या २२,९०० पैकी मुद्दलात गेले होते जेमतेम साडेपाचशे रुपये. बँकेने हप्ता न वाढवता मुदत वाढवत नेली होती. उरलेली मुदत वाचून बायको म्हणाली, "तोवर तू निवृत्त होऊन किती वर्षं झाली असतील?"

त्या रात्री आम्ही दोघं हिशेब मांडून बसलो. उरलेल्या मुदतीला जो हप्ता खरोखर लागेल तो बँकेकडून काढून घेतला आणि दुसऱ्या महिन्यापासून तोच सुरू केला. मुदत ठेव मोडून तीन लाख मुद्दलात टाकले. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं : दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारायला हवं, आणि दर तिमाहीला स्टेटमेंट द्यायला हवं. म्हणजे आता विचारण्याचा हक्क आहे. विचारा.

२०२५ मध्ये उलटं झालं. फेब्रुवारी ते जून या काळात रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला. शाखेतून फोन आला, हप्ता कमी करून देऊ का? मी नको म्हणालो. हप्ता तोच ठेवला, मुदत भराभर खाली आली. दर चढताना जी वर्षं गेली होती ती अशी परत मिळवतोय. ज्यांचं कर्ज अजून जुन्या बेस रेटवर किंवा एमसीएलआरवर, म्हणजे बँकेने स्वतः ठरवलेल्या दरावर आहे त्यांनी रेपोशी जोडलेल्या दरावर बदलून घेण्याची चौकशी करावी. थोडी फी लागते, पण दरातला फरक बघा.

आणखी एक कर्जदार, छोटीशी भर

जादा रक्कम भरताना अर्जात स्पष्ट लिहा : "हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी." माझ्या बँकेने न विचारता हप्ता कमी केला होता. हप्ता कमी झाला की हातात येणारे पैसे कुठे जातात ते समजतही नाही. भरल्यावर नवा तक्ता मागून घ्या आणि शेवटच्या हप्त्याची तारीख तपासा.

आणि दंडाची भीती बाळगू नका. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ मध्येच सांगितलं आहे. स्थिर दराचं कर्ज असेल तर मात्र करारातलं कलम वाचा.

गृहिणी, कर्ज चालू

वरचं सगळं वाचून लिहायचं धाडस करते आहे. आमच्याकडे कर्ज लवकर फेडायचा ध्यास यांना होता. साठलेला प्रत्येक रुपया मुद्दलात घालायचा. मी एकच हट्ट धरला : सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च एवढी रक्कम वेगळ्या खात्यात राहील, तिला हात लावायचा नाही. यावरून आमची बरीच बोलाचाली झाली.

नंतर यांची कंपनी बंद पडली. नवी नोकरी मिळायला वर्षाचा बराचसा भाग गेला. त्या काळात मला एक गोष्ट नीट समजली. साध्या गृहकर्जात जादा भरलेले पैसे अडीअडचणीला परत मिळत नाहीत. पाच लाख आधी भरलेत म्हणून पुढच्या महिन्याचा हप्ता कुणी माफ करत नाही. बाजूला ठेवलेल्या रकमेमुळेच आमचा एकही हप्ता चुकला नाही. ती पुरेनाशी झाली तेव्हा मी शिवणकाम घ्यायला लागले. ते आजही चालू आहे आणि त्यातले पैसे थेट कर्जात जातात.

यांना नोकरी लागल्यावर आम्ही कर्ज ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं करून घेतलं. जास्तीचे पैसे त्या खात्यात पडून राहतात, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि वेळ आली तर काढताही येतात. दर किंचित जास्त आहे, पण रात्री झोप लागते. थोडा पैसा राखून ठेवू पाहणाऱ्या बायकांनी आपलं म्हणणं सोडू नये, एवढं सांगते.

शाळेत शिकवणारी

ताई, तुम्ही लिहिलंत ते आज संध्याकाळी ह्यांना मुद्दाम वाचून दाखवलं. आमच्याकडे असा राखीव पैसा नाही. या वर्षीची पाच टक्के वाढ आधी तिथे जाईल. तुमच्या शिवणकामाला आणि जिद्दीला नमस्कार.

तिशीतला, खासगी बँकेत नोकरी

माझं मत थोडं वेगळं आहे, पण कुणाला नाउमेद करायचं नाही. मी जास्तीच्या पैशांचे दोन भाग करतो : अर्धे मुद्दलात, अर्धे एसआयपीत, म्हणजे दरमहा म्युच्युअल फंडात. शेअर बाजारात पंधरा वर्षांत साडेआठ टक्क्यांहून जास्त मिळण्याची शक्यता आहे, पण ती शक्यताच आहे. कर्जाचं व्याज मात्र ठरलेलं आहे. म्हणून बाजाराशी तुलना करताना मी जपून बोलतो. पीपीएफशी तुलना सोपी आहे : एप्रिल २०२० मध्ये त्याचा दर ७.१ वर आला. कर्ज साडेआठचं असेल तर आधी कर्ज.

धागा सुरू करणारी

अर्धे-अर्धे हे मलाही पटतं. "कर वाचतो म्हणून कर्ज राहू द्या" हा सल्ला मात्र मला अजिबात पटत नाही. जुन्या कर पद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा एक लाख व्याजावर तीस-एकतीस हजार कर वाचतो. उरलेले एकोणसत्तर-सत्तर हजार गेलेच ना! आणि नव्या कर पद्धतीत राहत्या घराला ही वजावट मिळतच नाही. आपण कोणत्या पद्धतीत आहोत ते आधी बघा.

कर्ज बंद, वय पंचावन्न

मंडळी, वीस वर्षांचं कर्ज अकरा वर्षांत संपवलं. कसं संपवलं ते वर सगळ्यांनी लिहिलंच आहे, माझं वेगळं काही नाही. मी शेवटच्या टप्प्याबद्दल लिहितो, कारण शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपलं असं समजून लोक घरी बसतात.

आधी फोरक्लोजर, म्हणजे कर्ज बंद करण्याचं, स्टेटमेंट मागा. त्यात रोजच्या व्याजासह नेमकी रक्कम आणि ती कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे ते असतं. भरल्यावर मँडेट बंद केल्याची खात्री करा, नाहीतर पुढच्या महिन्यात हप्ता पुन्हा कापला जातो. दिलेले सहीचे चेक परत घ्या. नो ड्यूज (काही बाकी नसल्याचा दाखला) आणि एनओसी (ना हरकत पत्र) घ्या, त्यावर कर्ज खात्याचा क्रमांक आणि घराचा पत्ता अक्षर न अक्षर जुळतोय का पाहा.

मूळ कागदपत्रांसाठी मला झगडावं लागलं. शाखेत सांगितलं, फाइल मध्यवर्ती गोदामात आहे, दोन-तीन महिने लागतील. मी रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०२३ चं परिपत्रक छापून नेलं आणि शाखाधिकाऱ्यांसमोर ठेवलं. १ डिसेंबर २०२३ पासून नियम असा आहे : कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. कागद गहाळ झाले असतील तर प्रमाणित प्रती काढून द्यायला मदत करायची आणि खर्चही बँकेनेच सोसायचा, त्यासाठी आणखी तीस दिवस मिळतात. साहेबांनी तो कागद शांतपणे वाचला, दोन फोन केले आणि फाइल मुदतीच्या आत आली. टेबलावर बसून यादीप्रमाणे एकेक कागद तपासला : खरेदीखत, इंडेक्स दोन (नोंदणी कार्यालयाचा उतारा), नोंदणीची पावती, बिल्डरचा मूळ करार. साखळीतला एखादा कागद राहिला तर विकताना अडचण येते, म्हणून यादीवर सही करण्याआधी पानं मोजा.

यानंतर तीन ठिकाणं उरतात. सेरसायच्या, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या, नोंदीत बोजा उतरला का, ते बँकेकडून लेखी घ्या. सोसायटीच्या दप्तरी बँकेची नोंद असेल तर एनओसीची प्रत देऊन ती काढून घ्या. आणि घर किंवा प्लॉट सातबाऱ्यावर असेल तर इतर हक्कात बँकेचा बोजा दिसतो. बँकेचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज करा, फेरफार होऊन नवा उतारा हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. महिन्या-दोन महिन्यांनी सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जांच्या इतिहासाचा, अहवाल काढून खातं बंद दाखवतंय का तेही पाहा.

ज्यांचं अजून बरंच बाकी आहे त्यांच्यासाठी : मधली वर्षं सर्वांत जड जातात. नवेपणा संपलेला असतो आणि शेवट दिसत नसतो. त्या काळात मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला शिल्लक मुद्दलाचा आकडा चिकटवायचो आणि दर तिमाहीला बदलायचो. मुलगी ते काम माझ्याकडून हट्टाने मागून घ्यायची. तुम्हीही घरातल्या कुणाला तरी सामील करून घ्या.

२०२१ चं कर्ज

काका, अभिनंदन! कागदांची यादी जपून ठेवली. कपाटावर आकडा आजपासून.

नवीन कर्जदार

आमची इमारत अजून उभी राहते आहे. बँक बिल्डरला टप्प्याटप्प्याने पैसे देते आणि आम्ही सध्या फक्त दिलेल्या रकमेवरचं व्याज, म्हणजे प्री-ईएमआय भरतोय. त्यातून मुद्दल एक पैसाही फिटत नाही, हे इथलं वाचल्यावर नीट कळलं. चौकशी केली तर पूर्ण हप्ता आत्तापासून सुरू करता येतो, जास्तीचा भाग मुद्दलात जातो. अर्ज लिहून झालाय, सोमवारी देणार. अडचण एवढीच की ताबा मिळेपर्यंत घरभाडंही आहेच. भाडं आणि पूर्ण हप्ता दोन्ही एकदम पेललेलं कुणी इथे आहे का? पगाराचा किती वाटा त्यात जात होता आणि काय बंद केलंत, ते लिहाल का?