परदेशात पायाच्या मापाने शिवून घेतलेले बूट-चपला: तुमचे अनुभव लिहा

रानजाई
काल माळा आवरत होते. जुन्या पासपोर्टच्या पाकिटात चार घड्या घातलेला तपकिरी कागद निघाला. उघडला तर माझे दोन्ही पाय! पेन्सिलीने काढलेले. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय, तिथे फुली आणि कडेने आकडे. होई आन, व्हिएतनाम, मार्च २०१८. स्टुलावरच बसून राहिले.

माझा पाय ४१ नंबरचा आणि चवड्याला रुंद. कॉलेजपासून प्रत्येक दुकानात "जेन्ट्समध्ये बघा ताई" ऐकत आलेय. लग्नात शालूखाली भावाच्या चपला घातल्या होत्या, आणि दिवसभर कुणाला दिसतील म्हणून जीव मुठीत. त्यामुळे होई आनला गेलो तेव्हा मला कंदील, नदी, तो जपानी पूल, कशाचं काही नव्हतं. तिथे दर चार दुकानांत एक शिंपी नाहीतर बूट शिवणारा असतो एवढंच ऐकून गेले होते.

दुकानातली बाई खाली बसली आणि माझा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. मी संकोचून मागे ओढला, तिने हसून परत घेतला. मग कागदावर उभं केलं, दोन्ही पायांवर सारखा भार द्यायला खुणेने सांगितलं आणि पेन्सिल अगदी उभी धरून कडेकडेने फिरवली. फीत चवड्याभोवती, मग वर उंचवट्याभोवती, मग टाचेवरून. डावा पाय उजव्यापेक्षा ६ मिलिमीटर लांब निघाला. मी तेव्हा ३९ वर्षांची होते. एवढ्या वर्षांत हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घालून बघितले तर डावा हाडावर टोचला. तिने बाहेरून खडूने गोल केला, बूट परत नेला. मागच्या खोलीत फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, त्या जागी चामड्याचा तुकडा चिकटवून वरचं चामडं पुन्हा ताणलं. संध्याकाळी पायात घातला आणि मी दुकानातच रडले. १२ लाख डोंग, तेव्हाचे साधारण साडेतीन हजार रुपये. दोनदा सोल बदललाय, अजून वापरते. कागद आठवण म्हणून मागितला, तर तिने एक मला काढून दिला, एक स्वतःकडे ठेवला.

तुमचेही अनुभव लिहा ना. बूट, चपला, सँडल, काहीही चालेल.

---

मी_नाशिककर
रानजाईताई, वाचून बरं वाटलं. आमचा होई आनचा अनुभव मात्र उलटा. आदल्या दिवशी चारला माप, दुसऱ्या दिवशी दुपारी बूट हातात आणि लगेच दा नांगच्या विमानतळाकडे. ट्रायल नाहीच. पुण्यातल्या पहिल्याच पावसात उजव्याचा तळवा तोंड उघडून बसला. दुकानाचं नाव लिहीत नाही, घाई आमचीच होती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जे काका बसतात त्यांनी बूट उलटा केला, कडेला नख लावलं आणि म्हणाले, "साहेब, ही शिलाई वरच्या पट्टीवर नुसती मारलीय, खाली पोचलीच नाही. सगळं चिकटवलेलं आहे. कातडं मात्र झकास आहे." त्यांनी सगळं सोडवून आरीने हाताने शिवून दिलं. पाच वर्षं झाली, टाका हललेला नाही.

म्हणून जाणाऱ्यांना सांगतो, पोचल्या दिवशीच माप द्या, निघायच्या दिवशी नको. आणि माप संध्याकाळी द्या. दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो, सकाळच्या मापाचे बूट संध्याकाळी चावतात.

रानजाई
हो हो, आणि जे मोजे घालणार तेच घालून माप द्यायचं. मी दोनदा घालून बघितले म्हणून वाचले.

सुगरण२
होई आन म्हणजे ते काओ लाउ नूडल्स ना? जाडजूड, वर कुरकुरीत तुकडे? कुणाला घरी जमलेत का? माझ्या नेहमी गिचका होतात

मी_नाशिककर
@सुगरण२ आमच्या हिला विचारून सांगतो. तिने एकदा तांदळाच्या शेवयांचे केले होते, बरे लागले.

टेम्सकाठ
ट्रेनमधून लिहितेय, चुका माफ. लंडनला सेंट जेम्स स्ट्रीटवर जॉन लॉबचं दुकान आहे. बूट घ्यायची ऐपत नाही, पण मी दोनदा आत जाऊन आले, कुणी हटकलं नाही. तिथे गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी फर्मा बनवून जपून ठेवतात, पुढच्या वेळी त्याच्यावरच बूट. इतक्या लोकांचे पाय लाकडात ओळीने ठेवलेले बघून वेगळंच वाटतं. एक जोड व्हायला कित्येक महिने लागतात.

खरं सांगायचंय ते नॉर्थॅम्प्टनचं. इंग्लंडातलं बूट बनवणाऱ्यांचं गाव. तिथल्या फुटबॉल क्लबला लोक कॉबलर्स, म्हणजे मोची, म्हणतात! म्युझियममध्ये बुटांचा प्रचंड संग्रह. सासरे आले होते तेव्हा त्यांना नेलं. चामड्याच्या धंद्यात सगळी हयात गेली त्यांची. एकेका काचेसमोर दहा दहा मिनिटं उभे. जुन्या बुटाची टाच बघून मला समजावत होते की चामड्याचे थर एकावर एक ठोकून उंची कशी आणतात. ते मागच्या वर्षी गेले. स्टेशन आलं, नंतर लिहिते

रानजाई
@टेम्सकाठ नक्की लिही गं. सासऱ्यांबद्दलच लिही, बुटांचं नाही लिहिलंस तरी चालेल.

आज्जी_डोंबिवली
मला एक विचारायचं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पायाचं माप बदलतं का हो? माझा एक पाय आता वेगळा वाटतो.

कोकणडॉक्टर
आज्जी, बदलू शकतं. सूज राहते, चाल बदलते. आता दोन्ही पायांचं माप वेगवेगळं घ्या आणि मोठ्या पायाला येईल असाच जोड घ्या. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाही एकदा दाखवा.

विहीर_काठ
कॅप्री, इटली. ग्रुप टूर. टूर मॅनेजर शिट्टी फुंकत होता आणि आमची आई कान्फोराच्या दुकानात स्टुलावर ठाण मांडून. १९४६ पासूनचं दुकान, तुमच्यासमोर सँडल बनवतात. तळवा निवडायचा, पट्टा निवडायचा, पाय ठेवायचा, मग तो माणूस पट्टा तुमच्या पायावर ओढून बघतो आणि तिथल्या तिथे ठोकतो. आईने हिरवा पट्टा घेतला. बोट सुटायला पंधरा मिनिटं होती. बाबा घाटावर, आई दुकानात, मी मध्ये पळतोय. बोट मिळाली. आई अजून प्रत्येक लग्नात तेच घालते आणि प्रत्येक लग्नात बोटीची गोष्ट सांगते. आता नातेवाईकच पुढचं वाक्य म्हणतात :)

बाबूश_पिवळा
मोरोक्को, फेस. तिथे शुआरा म्हणून चामडं कमवायची जुनी जागा आहे. गच्चीवरून खाली दगडी हौद दिसतात, पांढऱ्यात चुना आणि कबुतरांची विष्ठा, बाकीच्यांत रंग. वर जाताना हातात पुदिन्याची काडी देतात, नाकाशी धरायला. माणसं त्या हौदांत मांडीपर्यंत उतरून कातडी तुडवत होती. बघून माझ्या हातातली काडी खाली गेली. ते दिवसभर त्यात उभे आणि मी दहा मिनिटं नाक धरायचं?

खालच्या गल्लीत पिवळे बाबूश, म्हणजे तिथल्या चपला, मापाने करून घेतले, मऊ, टाच दुमडलेली. नागपूरच्या उन्हात पंधरा दिवस ठेवले तरी वास पूर्ण गेला नाही. कुणाला उपाय माहीत आहे का?

मालवणी_माणूस
@बाबूश_पिवळा थेट उन्हात नको, कातडं तडकतं. सावलीत वाऱ्यावर ठेव, आत वर्तमानपत्राचे बोळे, रोज बदल. आमच्याकडे पावसात बूट हिरवेगार होतात बुरशीने, तेव्हा हेच करतो आणि वर हलका तेलाचा हात.

आरी_रापी
रोज वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

माझे आजोबा गावातल्या बलुत्यातले. सगळ्या गावाच्या वहाणा त्यांच्या हातच्या. त्यांना कागद लागायचा नाही. माणूस रस्त्याने चालत गेला की त्याची टाच कुठल्या बाजूला झिजते हे सांगायचे. पाटलांच्या थोरल्याचा उजवा पाय आत वळतो, तर उजव्या तळव्याला बाहेरून एक पातळ थर जास्त. वहाणा दारातून आत जायच्या, आजोबा मात्र पायरीखालीच बसायचे. पाणी वरून ओतलं जायचं. हे मी लहानपणी पाहिलंय.

२०१९ ला कंपनीच्या कामाने फ्लोरेन्सला गेलो. सान्ता क्रोचे चर्चच्या मागे, जिथे पूर्वी मठातले नवशिके राहायचे, तिथे चामड्याची शाळा आहे, स्कुओला देल कुओयो. महायुद्धात आईबाप गेलेल्या मुलांना हाताला काम मिळावं म्हणून १९५० मध्ये सुरू झाली. त्याच चर्चमध्ये मायकलअँजेलो आणि गॅलिलिओच्या कबरी आहेत. एक बाई मेजाशी बसून चामडं कापत होती. हातात जे होतं ती जवळजवळ आमचीच रापी, कातडं कापायची. जगभरची मुलं पैसे भरून ते शिकायला आलेली. लोक तिच्यापुढे रांगेने उभे, कुणी मोठ्याने बोलतही नव्हतं.

बूट शिवून घ्यायचं बजेट नव्हतं. एक पट्टा घेतला, त्यावर नाव ठोकून देतात. मी आजोबांचं नाव ठोकून घेतलं. तिने अक्षरं एक-एक करून लोखंडी ठश्याने उठवली, वर हात फिरवला आणि कुणाचं नाव म्हणून विचारलं. मी म्हटलं, हेही तुझंच काम करायचे. ती उठून उभी राहिली.

रानजाई
@आरी_रापी मी तुमचं लिहिलेलं तीनदा वाचलं. त्या होई आनच्या बाईने माझा पाय मांडीवर घेतला आणि मी संकोचले, तो संकोच कुठून आला होता हे आत्ता कळलं. लिहीत जा हो.

टेम्सकाठ
आरी_रापी, माझे सासरेही त्याच समाजातले. म्हणून ते काचेसमोर इतका वेळ उभे होते. सकाळी लिहायचं धाडस झालं नव्हतं.

आरी_रापी
ताई, सासऱ्यांना नमस्कार. त्या काचेसमोर माझे आजोबाही असेच उभे राहिले असते.

पायताण_पंचगंगा
कोल्हापुरातून. आमच्याकडेही मापानं पायताण करून मिळतं, सांगायलाच पायजे. कापशी प्रकार घ्या, कुरुंदवाडी घ्या. खिळा नाही, कातड्याच्याच वादीनं शिवायचं, बाभळीच्या सालीत कमवलेलं कातडं. २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकचे चार. २०२५ ला मिलानमध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या शोमध्ये तसल्याच चपला निघाल्या, आधी कोल्हापूरचं नाव नव्हतं, मग बोंब झाल्यावर आमचा उल्लेख केला. राग आला होता पण त्या निमित्तानं दुकानात पोरं यायला लागली.
@रानजाई, तो कागद आहे ना? माझ्या ओळखीच्या कारागिराला देतो. पण डाव्या हाडावर चपलेचा कान, म्हणजे बाजूची पट्टी, घासणार, तो रुंद ठेवायला सांगतो. अंगठा पण जरा सैल.

रानजाई
खरंच? ८ वर्षांत माप बदललं असेल का?

आज्जी_डोंबिवली
बदलतं गं बाई. नवीन काढ. मुलीला सांग पेन्सिल धरायला, उभी धरायची, तिरकी नको.

रानजाई
आत्ता काढलं लेकीकडून. डावा अजून ६ च मिलिमीटरने लांब! हाड मात्र थोडं अजून बाहेर आलंय. फुली लाल पेनने गडद केलीय. जुना कागद ठेवते, नवा उद्या पोस्टात टाकते.

मालवणी_माणूस
पावसाचे दिवस आहेत. आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला, मग पाकिटात.