पीट पाल्चेन्स आणि पाद्री हाफरश्मिट

एका प्रतिसादात म्हटलंय की धर्मोपदेशक असल्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या डच कवी फ्रान्स्वा हाफरश्मिटला 'पीट पाल्चेन्स' या टोपणनावाआड लपावं लागलं. मला हे अर्धवटच पटतं. पीट पाल्चेन्स जन्मला तो लायडेनला, हाफरश्मिट धर्मशास्त्र शिकत असताना, विद्यार्थ्यांच्या वार्षिकात. पाद्रीपण नंतरचं: आधी मार्सम, मग डेन हेल्डर, आणि १८६४ पासून अखेरपर्यंत स्खीडाम.

शिवाय १८६७ मध्ये 'स्निकेन एन ग्रिमलाख्येस' (हुंदके आणि कडवट हसू) पुस्तकरूपात आलं, तेव्हा पाल्चेन्सचं चरित्र प्रस्तावनेत कोणी लिहिलं? स्वतः हाफरश्मिटनं, स्वतःच्या नावानं! हा फिकुटलेला, दुःखी कवी माझा मित्र होता आणि एक दिवस गायब झाला, असं चक्क ठोकून दिलंय. लपणारा माणूस असला खोडसाळपणा करत नाही.

कवितांचंही तेच. 'आन रिका'मध्ये समोरून धाडधाड जाणाऱ्या आगगाडीत त्याला क्षणभर एक मुलगी दिसते, तेवढ्यात प्रेम जडतं, आणि दोघं एकत्र गाडीखाली चिरडून गेलो असतो तर, अशी इच्छा! जर्मन कवी हाइनेचा प्रभाव उघड आहे, पण थट्टा स्वतःच्याच रडगाण्याची आहे.

मात्र 'सगळा विनोदच' हे दुसरं टोकही नको. त्याला नैराश्याचा जुना आजार होता. १८९१ मध्ये पत्नी गेली आणि १८९४ च्या जानेवारीत त्यानं आत्महत्या केली. तरी त्या कविता विशीतल्या पोराच्या आहेत. त्यात शेवटाची भाकितं शोधणं मला अन्यायाचं वाटतं. त्याचं गद्यही मिळालं तर वाचा, १८७६ चं 'फामिली एन केनिसेन'.